रोबो जपानचा, बोटं भोसरीची

रोबो विकत घेणाऱ्या मालकाला पहिला धक्का बसतो तो खोका उघडल्यावर. आत हात असतो, बोटं नसतात. खांदा, कोपर, मनगट सगळं झकास, जपानी, कुठे एक ओरखडा नाही. आणि मनगटाच्या पुढे चार टॅपिंगची भोकं असलेली एक सपाट चकती. बस्स. "अहो, हा धरणार कशानं?" मालक विचारतो. सेल्सवाला मधाळ आवाजात सांगतो, "ग्रिपर वेगळा, सर. तो आपल्या पार्टप्रमाणे लोकली बनवून घ्यायचा."

हे 'लोकली' म्हणजे आमचे चिमटेसाहेब.

हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. खरं आडनाव आता फक्त पॅनकार्डावर आणि जीएसटीच्या सर्टिफिकेटावर उरलंय. भोसरी एमआयडीसीतला वायरकटवाला, ग्राइंडिंगवाला, हार्डनिंगवाला आणि कोपऱ्यावरचा चहावाला या सगळ्यांना ते चिमटेसाहेब म्हणूनच ठाऊक. गेली कित्येक वर्षं हा माणूस एकच वस्तू बनवतो: रोबोच्या मनगटाला लावायचे छोटे ग्रिपर, फार तर मुठीत मावतील एवढाले. गाळ्यात मी त्यांचा भागीदार. कोटेशन, चलन, बिल आणि थकलेल्या पैशांसाठी फोन ही माझी खाती. ग्रिपरमधून पार्ट पडला की शिव्या आधी माझ्या कानावर येतात, तेव्हा या विषयावर बोलायचा मला अधिकार आहे असं मी धरून चालतो.

असा माणूस एकटाच आहे असं समजू नका. पिंपरी-चिंचवड, चाकण या पट्ट्यात चिमटेसाहेब पुष्कळ. अंबडला, वाळूजला, शिरोलीलाही भेटतील. ओळखायची खूण सांगतो. तुमच्या-आमच्या शर्टाच्या खिशात पेन असतं, यांच्या खिशात सहा इंची स्टीलपट्टी, फिलर गेज आणि दहा पटींचं भिंग. खिसा कायमचा खाली ओढलेला. बोटांना कातरे पडलेले, नखांत काळं. आणि हात मिळवताना हा माणूस तुमच्या तोंडाकडे बघत नाही, हाताकडे बघतो. तुमचा अंगठा बाकीच्या बोटांसमोर नेमका कुठे येतो, त्याची तो मनात नोंद करत असतो. मुलगी बघायला गेलेल्या एका घरात त्यांनी पोह्यांची बशी घेऊन आलेल्या मुलीला "बशी तीन बोटांवरच का धरलीस?" असं विचारलं होतं. स्थळ पुतण्यासाठी होतं. जमलं नाही.

स्वभाव संशयी. पण तो धंद्यानं दिलेला. ऑटोमेशनच्या सेलमध्ये रोबो असतो, कंट्रोलर असतो, बाऊल फीडर, कॅमेरा, सेन्सर, पीएलसी असतो. यातली प्रत्येक गोष्ट कुठल्या तरी मोठ्या कंपनीच्या खोक्यातून, सर्टिफिकेट घेऊन येते. बिनखोक्याची, टेम्पोत गोणपाटात गुंडाळून येणारी वस्तू एकच, ती म्हणजे ग्रिपरच्या फिंगर्स. त्यामुळे पार्ट पडला की सगळ्यांचं बोट थेट फिंगरकडे. "रोबो जपानचा आहे हो, तो कसा चुकेल?" या वाक्यापुढे भोसरीच्या माणसानं काय बोलायचं? तो निमूट भिंग काढतो आणि फिंगर सोडून बाकी सगळ्यावर संशय घ्यायला लागतो.

चाकणच्या एका कारखान्यात आमच्या ग्रिपरमधून पार्ट निसटायचा. दिवसभर सगळं सुरळीत, आणि पहिली पाळी सुटायच्या सुमाराला हटकून निसटायचा. तिथल्या मेंटेनन्सनं निदान करून टाकलं: फिंगर गरम होऊन ढिली पडते. चिमटेसाहेब तिथे गेले, स्टूल मागवलं आणि ग्रिपरकडे पाठ करून बसले. ते बघत होते प्रेशर गेजकडे. हवेवर चालणाऱ्या ग्रिपरची पकड हवेच्या दाबाच्या प्रमाणात असते. ६ बारला जेवढी, ४ बारला तिच्या दोन-तृतीयांश. पाळी सुटायची वेळ झाली तशी पोरं एकेक करून एअर गनपाशी आली आणि घरी जायच्या आधी अंगावरची धूळ उडवायला लागली. शर्ट झाला, पँट झाली, एकानं केसांचा भांग पाडून घेतला, एकानं जेवणाचा डबा वाळवला. गेजचा काटा उतरत गेला आणि पार्ट खाली पडला. साहेब उठले, एक अक्षर न बोलता एअर गन मॅनेजरच्या हातात दिली आणि चहा मागितला. मग त्या ग्रिपरसाठी हवेची वेगळी छोटी टाकी आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसला, पार्ट पडायचा थांबला. टाकीचे पैसे आमच्या बिलातून कापले गेले, हे आपलं मी सांगून ठेवतो.

अशा वेळी ग्राहकाकडे एक ठरलेला उपाय असतो. "साहेब, जरा जोरात पकडू द्या की त्याला!" हे ऐकलं की चिमटेसाहेबांचा चेहरा आंबट होतो. मग ते हाताशी येईल त्या कागदाच्या पाठीवर (बहुतेक वेळा तो माझ्या कोटेशनचा असतो) हिशेब मांडतात. तेलकट स्टीलवर स्टीलची फिंगर, घर्षणांक धरा ०.१. बोटं दोन. तर ५० ग्रॅमचा पार्ट नुसता अधांतरी धरायला प्रत्येक बोटानं पाव किलोचा जोर लावला पाहिजे. रोबो त्याला झटका देऊन उचलणार, गरकन फिरवणार, अचानक थांबवणार, म्हणून पार्टच्या वजनाच्या १० ते २० पट जोर धरा असं कॅटलॉगवाले सांगतात. आता तोच पार्ट प्लॅस्टिकचा असेल तर एवढ्या जोरानं त्याच्यावर वळ उठतो, आणि वळ उठलेला पार्ट क्वालिटीवाला घेत नाही. बरं, फिंगरला पॉलियुरेथेनची गादी लावा, तर घर्षण वाढतं, वळ जातो. पण गादी दबते, आणि दबली की पार्ट किती मायक्रॉन सरकला ते देवालाच ठाऊक. साहेबांचा तोडगा असा की जोरावर विसंबायचंच नाही, आकारात धरायचं. गोल पार्टला दोन्ही फिंगरना समोरासमोर व्ही-खाच द्यायची. दोन्ही बोटं सारखीच सरकत असली, तर पार्ट जाडा येवो की बारीक, मध्य जागच्या जागी राहतो.

या आकाराच्या भक्तीपोटी त्यांनी एक जर्मन दैवतही जवळ केलंय. फ्रांझ रोलो नावाच्या प्राध्यापकांनी १८७५च्या आपल्या ग्रंथात यंत्रांच्या हालचालींचं शास्त्र मांडलं. सपाट वस्तू घर्षणाच्या भरवशावर न राहता पुरती जखडायची तर तिला किमान चार ठिकाणी टेकावं लागतं, हा सिद्धांत त्यांचाच. एकदा एक परचेसवाला दोन फिंगरच्या ग्रिपरचा भाव फारच पाडायला लागला, तेव्हा चिमटेसाहेब कडाडले, "तुम्ही मला दोन बोटांचे पैसे देता. रोलो म्हणतात, चार ठिकाणी धरा!"

परचेसवाल्यानं वहीत नाव लिहून घेतलं आणि विचारलं, "त्यांचं कोटेशन आलंय का?"

घरी वहिनींनी या सगळ्याशी तह केलेला आहे, पण कधीकधी तो मोडतो. त्यांच्या मंगळसूत्राची कडी निखळली म्हणून दोघं रविवार पेठेतल्या सोनाराकडे गेले होते. सोनारानं कडी झाळायला घेतली ती एका निराळ्याच चिमट्यात धरून. नेहमीचा चिमटा दाबला की मिटतो. हा दाबला की उघडायचा आणि सोडला की आपोआप आवळायचा. हातात विस्तव आणि सोनं एकदम असल्यावर बोटांनी दाबून कोण बसणार? चिमटा आपणच धरून बसतो. साहेबांनी तो मागून घेतला, उघडझाप केली, भिंगातून पाहिला, पुन्हा उघडझाप केली. मागे गिऱ्हाइकं खोळंबली. "अहो, त्या माणसाचा चिमटा किती वेळ धरून बसणार? माझा दागिना बघा की," वहिनी म्हणाल्या. साहेब बघत होते ते वेगळंच. भोसरीत लाइट जाते, कंप्रेसर बंद पडतो, हवा उतरते आणि रोबोनं वर उचललेला पार्ट धाडकन फिक्स्चरवर येतो. आता आमच्या ग्रिपरमध्ये आवळायचं काम स्प्रिंग करते आणि हवा फक्त उघडायला लागते. हवा गेली तरी पार्ट जागचा हलत नाही. असे ग्रिपर जगात आधीपासून मिळतात, कॅटलॉगात त्यांची वेगळी पानं असतात. पण ते कॅटलॉगात वाचून पटणारा माणूस वेगळा. मंगळसूत्र मात्र त्या दिवशी सोनाराकडेच राहिलं.

लहान वस्तूंची त्यांना विशेष ओढ. १ मिमीचा स्टीलचा बॉल उचलून एका खळग्यात ठेवायचं काम आलं होतं. वजन अवघं ४ मिलिग्रॅम. उचलायला अडचण शून्य. अडचण ठेवताना. ग्रिपर उघडला तरी बॉल एका फिंगरला चिकटून वर परत यायचा, आणि रोबो मोठ्या ऐटीत पुढचा बॉल आणायला निघायचा. आमचा एक मेव्हणा त्या दिवशी गाळ्यात आला होता. कीर्तनाला नेमानं जाणारा माणूस. तो हात जोडून म्हणाला, "वा! धरणं सोपं हो, सोडणं अवघड."

"तेल आहे त्याला," साहेब म्हणाले. "थिनरनं पुसा."

खरं म्हणजे थिनरनंही पुरतं भागलं नाही. वस्तूची लांबी दहा पट कमी केली तर वजन हजार पट घटतं. पण तेलाच्या थराचा पृष्ठताण दहा पटच घटतो. मिलिमीटरच्या खाली उतरत गेलं की वजनाला कुणी विचारत नाही, चिकटणं राज्य करतं. बर्कलीच्या रोनाल्ड फियरिंग यांनी १९९५ साली या चिकटण्याचा सविस्तर आढावा घेतला होता: स्थिर वीज, पृष्ठताण आणि रेणूंमधली ओढ. साहेबांनी तो वाचलाय आणि त्याची प्रत गाळ्यात गणपतीच्या फोटोखाली ठेवलीय. शेवटी त्यांनी फिंगरच्या आतल्या बाजूला बारीक रेघा पाडून घेतल्या, म्हणजे बॉल कमीत कमी जागी टेकेल, आणि मधोमध केसाएवढं भोक पाडून सोडताना हवेची एक फुंकर मारली. बॉल सुटायला लागला. पहिल्या दिवशी फुंकर जरा जास्त झाली. त्या दिवशीचे काही बॉल अजून कुठे आहेत ते कळलेलं नाही.

पण चिमटेसाहेबांचं खरं रूप बघायचं तर पिनेच्या कामात बघावं.

काम ऐकायला क्षुल्लक. ८ मिमीची पिन, ८ च्या भोकात घालायची. भोक एच-७, पिन जी-६. म्हणजे पिन आणि भोक यांच्यात मोकळी जागा कमीत कमी ५ मायक्रॉन, जास्तीत जास्त २९. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, यावरून अंदाज घ्या. आणि रोबो प्रत्येक खेपेला त्याच जागी येतो म्हणतात ते प्लस-मायनस २० मायक्रॉननं. मोकळ्या जागेएवढा तर रोबोचाच लहरीपणा. पिन भोकाच्या तोंडाशी यायची, किंचित कलायची, दोन काठांना टेकायची आणि पाचर मारल्यासारखी बसायची. रोबो जोर लावायचा, पिन आणखी घट्ट. मग लाल दिवा, भोंगा आणि मला फोन.

गंमत म्हणजे त्याच पिना, त्याच भोकांत, शेजारच्या हाताच्या लाइनवर एक मावशी बसवत होत्या. नजर समोरच्या मैत्रिणीकडे, तोंडात भिशीचा हिशेब, आणि हातातून टक्‌, टक्‌, पिना आत. चिमटेसाहेब भिंग काढून त्यांच्या बोटांवर वाकले.

"अवं साहेब, नजर लागंल," मावशी म्हणाल्या.

"मावशी, दाबता कधी तुम्ही?"

"दाबायची कशाला? तोंडाशी न्यायची, जराशी वाकडी टेकवायची अन्‌ बोटं सैल सोडायची. जाती की आपसूक."

साहेब तसेच बसून राहिले. मावशींनी पिन उचलली की अंगठा आणि तर्जनी घट्ट. काठाला टेकली की त्याच बोटांत एकदम ढिलाई, पिन हाताच्या मर्जीनं सरळ न होता भोकाच्या मर्जीनं सरळ व्हायची. मग तर्जनीची एक हलकी टिचकी. सगळं मिळून तुम्ही 'भिशी' म्हणेपर्यंत.

मावशींनी जे हातानं दाखवलं, ते अमेरिकेत केंब्रिजच्या ड्रेपर प्रयोगशाळेत डॅनियल व्हिटनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात गणितानं सोडवलं होतं. पिन कलते कधी, अडकते कधी, पाचर बसते कधी, याची समीकरणं मांडली आणि त्यावरून रोबोच्या मनगटात बसवायचा एक लवचीक सांधा काढला. त्याची खुबी अशी की पिन भोकाच्या काठाला टेकली की ती न कलता बाजूला सरकते, आणि कललेली असेल तर टोकाभोवती फिरून सरळ होते. धरलेली असते वरून, पण वागते टोकाशी धरल्यासारखी. चिमटेसाहेब त्यांचा उल्लेख नेहमी 'आपला व्हिटनी' असा करतात. ऐकणाऱ्याला वाटतं, हे दोघं आयटीआयला एका बाकावर होते.

साहेबांनी कारखान्याच्या मॅनेजरला आणखी एक गोष्ट ऐकवली, ती न ऐकवती तर बरं झालं असतं. सहा अक्षांचा रोबो या कामाला घ्यायला नको होता. जपानमध्ये यामानाशी विद्यापीठात हिरोशी माकिनो यांनी १९७८ साली स्कारा जातीचा रोबो उभा केला तो अशाच कामासाठी: उभ्या दिशेत ताठ, आडव्या दिशेत थोडा मवाळ, पिन वरून खाली घालायला बनलेला. आणि स्वस्तही. मॅनेजरनं दाराकडे बघत हळू आवाजात सांगितलं की स्कारा दिसायला साधा दिसतो. वर्षातून दोनदा परदेशचे साहेब फेरी मारतात, त्यांना वळवळणारा हात बघायला आवडतो.

मग सुरू झालं सुधारणांचं सत्र. साहेबांनी मनगट आणि ग्रिपर यांच्यामध्ये स्वतःचा लवचीक सांधा बनवायला घेतला. एकाच स्टीलच्या ठोकळ्यात वायरकटनं अशा खाचा पाडायच्या की मध्ये अर्ध्या मिलिमीटरहून पातळ पट्टी उरेल. बेअरिंग नाही, तेल नाही, ढिलाई नाही, पट्टीच बिजागरी. वायरकटवाला म्हणाला, "साहेब, हे तुटणार." साहेब म्हणाले, "वाकणार." दोघांचंही खरं ठरलं, आधी वायरकटवाल्याचं. ड्रॉइंगची रिव्हिजन ए ची बी झाली, बी ची सी. आमच्या ड्रॉइंगवर उजव्या कोपऱ्यात बदलांचा तक्ता असतो, प्रत्येक बदलाला एक ओळ. तो तक्ता वाढत वाढत मूळ चित्रावर चढला आणि शेवटी फिंगरचं टोक त्याच्याखाली दिसेनासं झालं. झेड संपल्यावर एए सुरू करायचं असतं हे मला त्या कामात कळलं.

यातल्या निम्म्या रिव्हिजन वजनापायी. फिंगर हलकी असेल तर रोबो जास्त वेगानं वळू शकतो, हे खरंच आहे. साहेबांनी आधी फिंगरला भोकं पाडली, मग भोकांच्या मधल्या भिंती पातळ केल्या, मग इंजिनिअरिंगला असलेला त्यांचा भाचा लॅपटॉप घेऊन आला. त्यानं सांगितलं की जोर कुठे लागतो ते सांगा, कुठलं मटेरियल ठेवायचं आणि कुठलं काढायचं ते कॉम्प्युटर ठरवेल. ही युक्ती बेंडसो आणि किकुची यांनी १९८८मध्ये मांडली; डेन्मार्कच्या सिगमुंड यांनी २००१ साली अवघ्या ९९ ओळींत तिचा प्रोग्राम लिहून छापला, तेव्हापासून पोरंसोरंही ती चालवतात. रात्रभर लॅपटॉप चालला. सकाळी पडद्यावर जे उमटलं होतं त्याला कुठे सरळ रेघ नव्हती, काटकोन नव्हता. जमिनीतून उपटलेल्या मुळ्या. साहेब हरखून गेले. व्हीएमसीवरचा ऑपरेटर चित्र उलटसुलट करून बघत म्हणाला, "भारी आहे. पण साहेब, मी हे धरू कुठं?" ग्रिपरची फिंगर बनवायला आधी ती धरणारी फिंगर बनवावी लागली. वजन ४० ग्रॅमनं उतरलं आणि खर्च तिपटीवर गेला. रोबोचा वेग वाढला तो किती उपयोगी पडला? बाऊल फीडर चार सेकंदांत एक पिन देत होता, तो तेवढीच देत राहिला. रोबो आता लवकर येऊन फीडरपाशी ताटकळत उभा राहायला लागला, इतकंच. हे मी निदर्शनास आणलं तेव्हा साहेब म्हणाले, "फीडर माझ्या स्कोपमध्ये नाही."

एप्रिल आला तेव्हा उन्हाशी भांडण झालं. अ‍ॅल्युमिनियम एका अंशाला मीटरमागे २३ मायक्रॉन वाढतं. जानेवारीच्या सकाळी १२ अंश, एप्रिलच्या दुपारी शेडमध्ये ४०; आडव्या आलेल्या ६० मिमीच्या फिंगरचं टोक त्यात ३८ मायक्रॉनच्या वर पुढे जातं. पिनेला मोकळी जागा किती, तर जास्तीत जास्त २९. हा हिशेब दाखवून साहेबांनी सेलला एसी मागितला. अर्ज मंजूर झाला. एसी मॅनेजरच्या केबिनमध्ये बसला. साहेबांनी फिंगर अ‍ॅल्युमिनियमची बदलून स्टीलची केली, स्टील निम्मंच वाढतं म्हणून. आणि त्यात एवढ्या खटपटीनं कमावलेले ते ४० ग्रॅम व्याजासकट परत आले.

आता मुद्द्याचं सांगतो. हे सगळं न करता भागलं असतं, आणि ते चिमटेसाहेबांनीच पहिल्या मीटिंगमध्ये सांगितलं होतं. मिनिट्समध्ये लिहिलेलं आहे, मीच टाइप केलंय: पिनेच्या तोंडाला आणि भोकाच्या काठाला अर्ध्या मिलिमीटरचा चॅम्फर द्यावा. तोंडाला उतार असला की पिन आपली वाट आपण शोधते. व्हिटनीची समीकरणंही त्या उतारापासूनच सुरू होतात. मावशी जराशी वाकडी टेकवायच्या, त्या नसलेल्या उताराचीच भरपाई करत होत्या. लेथवर चॅम्फर पाडायला काही सेकंद लागतात. पण पार्टचं ड्रॉइंग 'फ्रीझ' झालं होतं. ते बदलायचं तर कागद जर्मनीला जाणार, तिथे समिती बसणार, पुन्हा चाचण्या होणार. ग्रिपर बदलायला मात्र समिती लागत नाही, माझ्या फोनवर एक मिस्ड कॉल पुरतो. म्हणून लोखंडाच्या एका पिनेवर करायचं काम वर्षभर आमच्या फिंगरवर होत राहिलं. ऑटोमेशनमधले निम्मे ग्रिपर हे पार्टच्या ड्रॉइंगमधल्या चुकांवर घातलेली पांघरुणं आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे. साहेबांचंही असावं; पण ते बोलत नाहीत, भाकरी त्यावर आहे.

पावसाळा सरता सरता जर्मनीहून मंजुरी आली. चॅम्फरच्या पिना लाइनवर आल्या. नेमका तो गुरुवार. भोसरीला साप्ताहिक सुट्टी, साहेबांचा फोन बंद आणि ताजी एसी रिव्हिजनची फिंगर त्यांच्या टेबलावर भिंगाखाली. तिकडे लाइन थांबवायची नव्हती म्हणून एका पोरानं भंगाराच्या पेटीतून आमची सगळ्यात पहिली फिंगर शोधून काढली, रिव्हिजन ए, कानसीनं घासलेली, लवचीक सांध्याशिवायची, आणि लावून दिली. पिना जायला लागल्या. पाळीभर गेल्या, दुसऱ्या पाळीलाही गेल्या. लाल दिवा लागला नाही, भोंगा वाजला नाही. मावशी उठून बघून गेल्या आणि "आता बरी जाती" असा शेरा देऊन परत बसल्या. त्यांची लाइन चालूच आहे. रोबोची पाळी चुकली की तेवढा माल त्यांच्याकडेच जातो.

शुक्रवारी साहेब तिथे पोचले. मला वाटलं, आपलीच पहिली फिंगर चालली म्हणून तरी खूष होतील. त्यांनी स्टूल मागवलं, डोळे मिटले आणि नुसतं ऐकत बसले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "मधूनच एखादी पिन जाताना आवाज वेगळा येतो."

"पण जाते ना?" मी म्हणालो.

"जाते. घासून जाते."

ग्राहकानं स्वीकृतीच्या कागदावर सही केली, शिक्का मारला, परदेशच्या साहेबांसोबत रोबोचा फोटोही काढला. त्याच कागदावर पुरवठादाराच्या रकान्यात चिमटेसाहेबांची सही लागते, आणि त्यांच्या मते ग्रिपर अजून ट्रायलवर आहे. त्यामुळे आमचं शेवटचं दहा टक्के पेमेंट थकलेलं आहे, आणि ग्राहक ते द्यायला केव्हाचा तयार आहे.